तलवारीचं पातं देखणं आहे. पण सिद्ध काय झालं?

पौष पौर्णिमेला आमच्या मुरबाड तालुक्यात म्हसा गावची जत्रा भरते. बैलबाजार आणि घोंगड्यांसाठी ती नावाजलेली. मला मात्र ओढ असते लोखंडी अवजारांच्या रांगेची. विळे, कोयते, कुऱ्हाडी, पहारी असं सगळं गोणपाटावर मांडलेलं असतं आणि पलीकडे बनवणारा स्वतः बसलेला असतो.

दोन वर्षांपूर्वी त्या रांगेत ओळखीचे एक लोहारकाका बसले होते. मी नुकतीच पीएचडीला लागले होते आणि मोबाइलमध्ये एका पात्याचा फोटो घेऊन जो भेटेल त्याला दाखवत होते. जुन्या 'दमास्कस' तलवारींचं पोलाद पुन्हा घडवून एका आधुनिक लोहाराने केलेलं ते पातं. करड्या पृष्ठभागावर पांढऱ्या रेषा, जणू ओढ्याचं पाणी वाहता वाहता गोठलंय. रंगवलेली नाही, कोरलेली नाही, ती नक्षी धातूच्या आतूनच आलेली.

काकांनी मोबाइल हातात घेतला, फोटो मोठा करून बराच वेळ बघितला. मला वाटलं, विचारतील केवढ्याला पडतं. त्यांनी विचारलं, "घण मारताना रंग कुठला होता गं?"

मला उत्तर माहीत नव्हतं. खरं सांगायचं तर असा प्रश्न असतो हेच मला माहीत नव्हतं. पुढे वर्षभर पेपर वाचल्यावर कळलं की काकांनी नेमक्या जागी बोट ठेवलं होतं. तुम्ही आता संशोधनाच्या वाटेवर आहात, प्रस्ताव लिहिताय, विषय शोधताय. म्हणून हे पातं घेऊन एक गोष्ट सांगते: एखादी जुनी वस्तू कुणी हुबेहूब पुन्हा घडवली, तर त्यातून नक्की काय सिद्ध होतं आणि काय होत नाही?

आधी पोलाद समजून घेऊ

लोखंडात थोडा कार्बन मिसळला की पोलाद होतं. जुन्या मराठीत त्याला 'तिखे' असाही शब्द आहे. कार्बन किती, यावर सगळा खेळ. आपल्याकडचे लोहार कोयत्यासाठी ट्रकच्या कमानीचे जुने पाटे वापरतात. त्यात शंभर भागांत अर्धा भाग किंवा किंचित जास्त कार्बन असतो. जुन्या दमास्कस तलवारींच्या पोलादात मात्र तो दीड टक्क्याच्या आसपास सापडतो, म्हणजे जवळपास तिप्पट.

हे पोलाद मुशीत बनायचं. लोखंडाचे तुकडे आणि लाकूड, पानं यांसारखा कार्बन देणारा पदार्थ मातीच्या मुशीत घालायचा, तोंड बंद करायचं आणि तासन् तास भट्टीत ठेवायचं. शुद्ध लोखंड वितळायला १५३८ अंश सेल्सिअस लागतात, पण कार्बन शिरला की ते त्याआधीच वितळतं. मूस सावकाश थंड केली की आत पोलादाची वडी मिळते. दख्खनमध्ये आणि दक्षिण भारतात, म्हणजे आजच्या तेलंगणा, कर्नाटक, तमिळनाडू या भागांत, हे काम शतकानुशतकं चालायचं. तेलंगणातल्या कोनसमुद्रमसारख्या गावांतून इराणी व्यापारी या वड्या घेऊन जायचे. पुढे पश्चिम आशियात त्यांची पाती घडायची.

एक गैरसमज इथेच दूर करू. बाजारात आज 'दमास्कस' म्हणून जे चाकू मिळतात, त्यातले बहुतेक दोन प्रकारच्या पोलादाचे थर एकावर एक ठेवून, घडी घालून, ठोकून केलेले असतात. चिरोट्याला जसे पदर सुटतात तसे. तीही कला आहेच. पण मुशीच्या पोलादात पदर घातलेले नसतात. एकाच वडीतून ती नक्षी आपोआप उगवते. पात्यावर हलकं आम्ल लावलं की मूळ धातू काळवंडतो आणि लोह-कार्बनचे कठीण कण (त्यांना कार्बाइड म्हणतात) पांढरे राहतात. तेच कण ओळीने बसलेले असले की आपल्याला पाण्यासारख्या रेषा दिसतात.

आता खरा प्रश्न: ते कण ओळीने का बसतात?

दोनशे वर्षं डोकं खाणारा प्रश्न

१७९० च्या दशकात मुंबईतले डॉक्टर हेलेनस स्कॉट यांनी या पोलादाचे नमुने लंडनला रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांच्याकडे पाठवले. १७९५ साली जॉर्ज पिअरसन यांनी त्यावर शोधनिबंध छापला. तिथून युरोपात याचं वेडच लागलं. १८२० च्या सुमाराला मायकेल फॅरेडे, हो, तेच विजेवाले आणि स्वतः लोहाराचे चिरंजीव, जेम्स स्टोडार्ट या शस्त्र-अवजारं बनवणाऱ्या कारागिराबरोबर या पोलादावर काम करत होते. गुण कशामुळे येतो याचा फॅरेडेंचा पहिला अंदाज होता ॲल्युमिनियम आणि सिलिका. तो चुकला. फ्रान्समध्ये ब्रेआंने वेगवेगळे धातू मिसळून शेकडो प्रयोग केले आणि महत्त्व कार्बनला आहे हे ओळखलं. रशियात अनोसॉव्हने झ्लातोउस्तच्या कारखान्यात वर्षानुवर्षं खपून नक्षीदार पाती केली.

युरोपातल्या लोहारांची अडचण फार बोलकी होती. ते लोखंड पिवळं-पांढरं होईस्तोवर तापवून घण मारायचे, त्यांची सवयच ती. या पोलादावर तसा घण पडला की वडी फुटायची, तुकडे व्हायचे. दीड टक्का कार्बनचं पोलाद तेवढं तापलं की ठोकणीला टिकत नाही. वर कार्बाइडचे कणही विरघळतात, मग नक्षी कुठून राहणार? हे पोलाद साधारण हजार अंशांच्या खाली, लाल-केशरी रंगावर, धीराने, अनेकदा तापवून ठोकायचं असतं.

काकांचा प्रश्न आठवला? "रंग कुठला होता?" पट्टीचे लोहार जिथे अडले, तोच प्रश्न म्हशाच्या जत्रेत पहिल्या मिनिटाला आला.

एक लोहार आणि एक प्राध्यापक

मोबाइलमधलं ते पातं घडवणारे आल्फ्रेड पेंड्रे हे अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यातले लोहार. आयोवा स्टेट विद्यापीठातले धातुशास्त्राचे प्राध्यापक जॉन व्हर्होवन यांच्याबरोबर त्यांनी अनेक वर्षं काम केलं. एकाचा हात, दुसऱ्याचा सूक्ष्मदर्शक.

त्यांनी केलेलं पातं जुन्या पात्यासारखं दिसत होतं, पण ते तिथे थांबले नाहीत. नव्या पात्याचा छेद घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. तुलनेसाठी खरी जुनी पाती लागणार होती, आणि ती कापायला कोण देणार? इथे नशिबाने साथ दिली. स्वित्झर्लंडमधल्या बर्नच्या संग्रहालयातल्या काही जुन्या तलवारींचं पृथक्करण त्सोक्के नावाच्या संशोधकाने करून १९२४ साली छापलं होतं. त्या पात्यांचे नमुने पुन्हा तपासायला मिळाले. दोघांत कण तसेच, ओळी तशाच.

मग त्यांनी विचारलं, की काही वड्यांतून नक्षी येते आणि काहींतून येत नाही, असं का? भट्टी तीच, हात तोच. फरक निघाला अगदी क्षुल्लक वाटणाऱ्या भेसळीत. पेंड्रे जे कच्चं लोखंड वापरत होते ते कॅनडातल्या एका खाणीच्या खनिजातून आलेलं होतं आणि त्यात निसर्गतःच व्हॅनेडियम हा धातू चिमूटभर होता. चिमूटभरही जास्तच झालं, टक्क्याचाही अगदी बारीक अंश. मग मुद्दाम वेगवेगळे धातू अत्यल्प प्रमाणात घालून वड्या केल्या. ओळी पाडण्यात व्हॅनेडियम आणि मॉलिब्डेनम सर्वांत प्रभावी ठरले. जुन्या पात्यांतही अशी अत्यल्प भेसळ सापडली. १९९८ साली व्हर्होवन, पेंड्रे आणि डॉक्श यांचा याबद्दलचा लेख प्रसिद्ध झाला.

हे होतं कसं? घरचं उदाहरण घ्या. कढवलेलं तूप सावकाश थंड झालं की त्यात रवा धरतो. आधी काही भाग गोठतो आणि उरलेला पातळ भाग त्या दाण्यांच्या मधल्या फटींत साचतो. मुशीतलं पोलाद थंड होतानाही तसंच. आधी गोठणारा भाग झाडाच्या फांद्यांसारखा वाढतो आणि व्हॅनेडियमसारखी भेसळ फांद्यांच्या मधल्या जागेत ढकलली जाते. वडी ठोकून लांबवली की त्या जागा चपट्या होऊन पट्टे बनतात. पातं पुन्हा पुन्हा तापवून थंड केलं की कार्बाइडचे कण थोडे विरघळतात, पुन्हा वाढतात. दर खेपेला भेसळ असलेल्या पट्ट्यातले कण तग धरतात, बाकीचे कमी होत जातात. असे अनेक फेरे झाले की ओळी उमटतात. म्हणजे नक्षी एका घणाची नाही, पुन्हा पुन्हा तापवण्याच्या धीराची आहे.

मग सिद्ध काय झालं?

इथे थांबा आणि वही काढा, कारण नवा संशोधक इथेच घसरतो.

पेंड्रे यांच्या पात्याने एवढं सिद्ध केलं: असं पोलाद या पद्धतीने बनू शकतं, पुन्हा पुन्हा बनू शकतं आणि ते आतूनही जुन्यासारखं असतं. जुन्या लोहारांनी नेमकं असंच केलं, हे मात्र त्याने सिद्ध होत नाही. एका जागी पोचायला दोन वाटा असू शकतात. शहापूरहून मुरबाडला कुणी किन्हवलीमार्गे आलं की कल्याणमार्गे, हे तो मुरबाडच्या स्टँडवर उभा दिसला म्हणून कळत नाही. त्यासाठी वाटेतला पुरावा लागतो. इथे वाटेतला पुरावा म्हणजे जुन्या भट्ट्या, फुटक्या मुशी, मळी, प्रवाशांच्या नोंदी.

या दोघांनी पुढे एक तर्कही मांडला. ती कला लुप्त झाली त्याचं एक कारण असं असू शकेल, की योग्य भेसळीचं खनिज ज्या खाणींतून येत होतं तो पुरवठाच थांबला. लोहार तेच करत राहिले, पण नक्षी येईना. तर्क फार सुंदर आहे. पण तो तर्कच आहे, आणि त्यांनीही तो तसाच मांडला. व्यापाराचे मार्ग बदलले, आश्रयदाते गेले, युरोपचं पोलाद स्वस्त झालं, ही कारणं कुठल्याही पात्याच्या छेदात दिसणार नाहीत. २००६ साली जर्मनीतल्या संशोधकांनी अशाच एका जुन्या तलवारीत कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या सापडल्याचं 'नेचर' मध्ये छापलं. त्यावर वर्तमानपत्रांनी 'प्राचीन नॅनोतंत्रज्ञान' असे मथळे दिले. नळी सापडणं हे निरीक्षण, लोहाराला ती माहीत होती हा दावा. दोन्हींच्या मधलं अंतर मोजायला शिका.

माझ्यापुरती मी एक सोपी चाळणी केली आहे. पुनर्निर्मित वस्तू समोर आली की तीन प्रश्न. एक, आकार जुळतो का? दोन, धातू आतून जुळतो का? तीन, घडवण्याची रीत जुळते का, आणि हे कशावरून म्हणता? किल्ल्यांच्या पायथ्याशी विकायला असलेली 'शिवकालीन तलवार' फार तर पहिल्या प्रश्नाला उतरते. पेंड्रे यांचं पातं दुसऱ्याला खणखणीत उतरतं. तिसऱ्याला ते अर्धं उतरतं, आणि ते अर्धं कुठपर्यंत हे स्वच्छ सांगणं हेच चांगलं संशोधन.

नावं फसवतात

पिअरसन यांच्या १७९५ च्या निबंधाच्या शीर्षकात हे पोलाद 'मुंबईत बनणारं' असं म्हटलंय. मुंबई होती ती ते जहाजावर चढण्याची जागा. बनायचं दूर आत. दमास्कसचंही तसंच, नाव तिथलं पण वडी आपल्याकडची.

आपल्या जवळचं उदाहरण घ्या. नागपूरकर राघोजी भोसले यांची तलवार महाराष्ट्र सरकारने २०२५ साली लंडनच्या लिलावात घेऊन परत आणली. पात्यावर देवनागरीत सोन्याच्या अक्षरांत त्यांचं नाव आहे, मूठ इथल्या घडणीची. पण पातं युरोपीय, म्हणूनच तिला फिरंग म्हणतात. आता ही तलवार कुणाला 'पुन्हा घडवायची' असेल तर त्याने काय घडवायचं? दख्खनच्या मुशीतलं पोलाद घेतलं तर ते मराठी वाटेल, पण चुकीचं असेल. ज्याला ती फक्त मिरवायची आहे त्याला याने फरक पडत नाही. तुम्हाला पडला पाहिजे.

माझा फसलेला प्रस्ताव

आता स्वतःचं सांगते. माझ्या पहिल्या प्रस्तावाचा विषय होता, 'दख्खनी तलवारीची पारंपरिक पद्धतीने पुनर्निर्मिती'. वीस पानं, आकृत्या, माहुलीच्या किल्ल्याचा फोटोसुद्धा. मार्गदर्शक मॅडमनी वाचलं आणि म्हणाल्या, "समजा तलवार झाली. छान झाली. मग? काय झालं असतं तर तू म्हणाली असतीस की माझं चुकलं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. तलवार झाली असती तर मी 'यशस्वी' म्हटलं असतं, नाही झाली तर 'पद्धत गुंतागुंतीची आहे' म्हटलं असतं. ज्या प्रयोगात हरताच येत नाही, त्यात जिंकल्यालाही अर्थ नसतो. प्रस्ताव परत आला. दोन दिवस रडले, हेही लिहून ठेवते.

मग मी काकांच्या भट्टीवर जायला लागले. तलवार नाही, कोयता. (तलवार घडवणं आणि बाळगणं शस्त्र कायद्याच्या कक्षेत येतं, उत्साहाच्या भरात तिकडे जाऊ नका. शेतीच्या अवजारात आणि साध्या पट्टीत शिकण्यासारखं भरपूर आहे.) पहिल्याच दिवशी मी केशरी तापलेलं पातं सांडशीने उचलून थेट गार पाण्यात घातलं. टण् असा बारीक आवाज आला आणि धारेपासून पाठीपर्यंत तडा गेला. काका एवढंच म्हणाले, "घाई झाली. रंग उतरू द्यायचा."

पाणी द्यायची त्यांची रीत अशी: भट्टी सावलीत, कारण उन्हात रंग कळत नाही. पातं काळसर लाल होऊन लाली उजळायला लागली की धार आधी पाण्यात. मग दगडावर घासून एक पट्टा चकचकीत करायचा आणि पुन्हा हलकी धग द्यायची. त्या पट्ट्यावर रंग धावतात, आधी फिका पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, मग निळा. "धार पिवळी, पाठ निळी," हे त्यांचं सूत्र. पुस्तकाच्या भाषेत फिका पिवळा म्हणजे सव्वादोनशे अंशांच्या आसपास आणि निळा म्हणजे तीनशेच्या जवळ. धार कठीण राहते, पाठ चिवट होते. काकांनी तापमापक कधी वापरलेला नाही.

मी पहिले तीन महिने हे सगळं नुसतं बघत होते, लिहीत नव्हते. मला वाटायचं माझा 'डेटा' प्रयोगशाळेत आहे. एके दिवशी काकांचा मुलगा मुरबाडच्या एमआयडीसीत पाळी संपवून आला. मी विचारलं, "तू शिकलास का हे?" तो हसला. "मला कशाला? महिन्याला पगार येतो."

त्या रात्री झोप लागली नाही. पेंड्रे आणि व्हर्होवन यांनी इतकी वर्षं घालवली ती कशासाठी? ज्यांना ती रीत येत होती त्यांना कुणी विचारून लिहून ठेवलं नाही म्हणून. आणि मी एका येणाऱ्या माणसासमोर बसून गेलेल्या माणसांच्या तलवारीची स्वप्नं बघत होते.

दुसऱ्या दिवसापासून वही सुरू केली. माझा आजचा विषय तलवार नाही. लोहार रंगावरून ठरवतो ते तापमान प्रत्यक्षात किती असतं, एकाच माणसाचा अंदाज दिवसागणिक किती हलतो आणि दोन गावांतल्या लोहारांत किती फरक पडतो, हे मी मोजते. यात हरता येतं. अंदाज जर शंभर अंशांनी हलत असेल, तर 'जुने लोहार डोळ्याने तापमान अचूक ओळखत' हे वाक्य आपल्याला सोडून द्यावं लागेल.

तुमच्यासाठी

पुनर्निर्मितीवर काम करायचं असेल तर एवढं करा. विषय लिहिण्याआधी एक वाक्य लिहा: "असं असं घडलं तर माझा तर्क चुकीचा." वाक्य जमत नसेल तर विषय अजून झालेला नाही. कच्चा माल कुठून आला याची पावतीसुद्धा जपून ठेवा. पेंड्रे यांच्या वड्यांचं उत्तर घणात नव्हतं, लोखंड कुठल्या खाणीतून आलं यात होतं. फसलेले तुकडे टाकू नका. माझा तडा गेलेला कोयता टेबलावर आहे आणि त्याचा छेद माझ्या प्रबंधात येणार आहे. आणि जवळचं बघा. विदर्भात नायकुंडला लोखंड गाळण्याची प्राचीन भट्टी उत्खननात सापडली आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजची पुरातत्त्वाची परंपरा हाताशी आहे. विषयासाठी फ्लोरिडाला जावं लागत नाही.

पातं बघून हरखून जाणं चूक नाही. मी अजूनही हरखते. तो फोटो अजून मोबाइलमध्ये आहे. हरखल्याशिवाय कुणी एका प्रश्नाला इतकी वर्षं देत नाही. फक्त हरखून झालं की विचारायचं, रंग कुठला होता?

यंदा जत्रेत काकांना मी सगळं उत्तर सांगितलं: केशरीच्या खाली, पिवळं होऊ न देता, पुन्हा पुन्हा. त्यांनी मान डोलावली. "मग बरोबर. पिवळ्यावर मारलं असतं तर फुटलं असतं," म्हणाले, आणि गिऱ्हाईकाला विळ्याची धार दाखवायला वळले.

मी ते वहीत लिहून घेतलं. तारखेसकट.